कडेवरची मधमाशी : पहिल्या बलून-उड्डाणांची पदकं जमवायला लागताना

मागे एका मित्राने रात्री साडेअकराला मला फोटो पाठवला. ब्राँझचं गोल पदक, त्यावर एकामागे एक असे दोन पुरुषांचे चेहरे, खाली साल १७८३. सोबत प्रश्न : 'अडीचशे वर्षांच्या आसपास जुनं आहे, लिलाव संपायला वीस मिनिटं उरलीत, लावू का बोली?' मी विचारलं, 'कडेचा फोटो आहे का?' नव्हता. त्याने विक्रेत्याकडून मागवला. कडेवर तांदळाच्या दाण्याएवढं एक शिंग उमटलेलं होतं आणि त्याच्या शेजारी फ्रेंचमध्ये 'ब्राँझ' असा शब्द. पॅरिसच्या टांकसाळीची ही खूण १८८० पासूनची, म्हणजे ते पदक त्याच्या आधीचं असूच शकत नव्हतं. मित्राने बोली लावली, पण मनात धरलेल्या रकमेच्या चौथ्या हिश्श्याची. मिळालं. आजही ते त्याच्या टेबलावर आहे आणि ते १७८३ मध्ये पाडलेलं आहे असं तो कुणालाही सांगत नाही.

या छंदात नव्याने येणाऱ्याला मी सगळ्यात आधी हेच सांगतो. पदकावर असते ती घटनेची तारीख. पदक कधी पाडलं ते त्याच्या कडेवर, वजनात आणि धातूत शोधावं लागतं. बाकीचं सावकाश जमतं.

एक खुलासा आधीच करतो. पदक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शाळेच्या गॅदरिंगमध्ये गळ्यात घातलेली रिबीन येते. इथे विषय आहे स्मरणपदकांचा. त्यांना दर्शनी किंमत नसते, म्हणून ती नाणी नव्हेत. आणि ती कुणी जिंकलेली असतात असंही नाही. काहीतरी मोठं घडलं की त्याची आठवण म्हणून ती पाडायची आणि विकायची. अठराव्या शतकाच्या अखेरीस माणूस हवेत उडाला, याहून मोठं त्या काळी काय घडणार होतं?

पहिली पायरी : कुंपण घाला

'बलूनची पदकं' एवढ्यावर सुरुवात केली तर सहा महिन्यांत तुमच्याकडे विमानं, झेपेलिन, हवाई क्लबांचे बिल्ले आणि एखादी बलूनच्या आकाराची चावीची साखळीसुद्धा जमा होईल. माझं कुंपण १७८३ ते १८८३ असं शंभर वर्षांचं आहे. त्यातही उपविभाग पडतात.

पहिला विभाग १७८३ ते १७८५ मधल्या फ्रान्सचा. माँगोल्फिए बंधू, चार्ल्स, पिलात्र द रोझिए ही मंडळी यात येतात. सगळ्यात मानाचा आणि सगळ्यात जास्त फसवणुकीचा विभाग हाच. दुसरा इंग्लंडचा, म्हणजे मुख्यतः १७८४ मध्ये लंडनहून उडालेला व्हिन्सेंट लुनार्दी. तिसरा ब्लांशारचा. हा गृहस्थ युरोपभर गावोगावी तिकीट लावून उडत असे, आणि जर्मन शहरांत त्याच्या उड्डाणांवर पदकं निघत. चौथा १८७०-७१ चा. प्रशियाने पॅरिसला वेढा घातला तेव्हा शहरातून पत्रं आणि माणसं बाहेर काढायला साठाहून अधिक बलून सोडले गेले. पाचवा १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनातल्या झिफारच्या दोराने बांधलेल्या महाकाय बलूनचा. सहावा १८८३ च्या शताब्दीचा. १९८३ ची द्विशताब्दी माझ्या कुंपणाबाहेर आहे, पण स्वस्तात हात बसवायला तीही वाईट नाही. त्या वर्षी आपल्या टपाल खात्यानेही बलूनची तिकिटं काढली होती. माझ्याकडे पदकांच्या ट्रेमध्ये त्यांची जोडी उगाच ठेवलेली आहे.

मुंबईकरांना प्रश्न पडेल की आपल्याकडचं काही? पर्सिव्हल स्पेन्सर हा इंग्रज बलूनवाला १८८९ मध्ये मुंबईत आणि कलकत्त्यात उडाला होता, बलूनमधून पॅराशूटने उतरलाही होता. त्या मुंबईच्या उड्डाणाचं पदक मी आजवर पाहिलेलं नाही. कुणी दाखवलंच तर आधी कड बघेन.

दुसरी पायरी : चार तारखा आणि दोन आकार

वर्णनात विक्रेता काय लिहितो यावर विसंबू नका. विक्रेते सर्रास सगळ्या बलूनना 'माँगोल्फिए' म्हणतात. तुम्हाला चार तारखा पाठ हव्यात आणि चित्रातला बलून कुठल्या जातीचा ते ओळखता यायला हवं.

४ जून १७८३ : आनोने या गावी जोझेफ आणि एतिएन माँगोल्फिए या कागद कारखानदार भावांनी गरम हवेचा बलून लोकांसमोर उडवला. आत कुणी नव्हतं. १९ सप्टेंबर १७८३ : व्हर्सायला राजासमोर मेंढी, बदक आणि कोंबडा वर गेले आणि सुखरूप खाली आले. २१ नोव्हेंबर १७८३ : पिलात्र द रोझिए आणि मार्की दार्लांद पॅरिसच्या ला म्युएतपासून मोकळ्या, म्हणजे दोराने न बांधलेल्या बलूनमधून उडाले, सुमारे २५ मिनिटं. माणसाचं पहिलं मोकळं उड्डाण ते हेच. १ डिसेंबर १७८३ : चार्ल्स आणि रॉबेर त्युइलरीच्या बागेतून हायड्रोजनच्या बलूनने गेले.

आता आकार. माँगोल्फिए जातीचा बलून गरम हवेचा. खाली तोंड उघडं, त्याभोवती गोल सज्जा, सज्ज्यात उभी माणसं, मधोमध जाळ. कापडावर बाहेरून भरपूर नक्षी, राशी, राजाची अक्षरं, झालरी. लग्नाच्या मांडवाला लाजवेल इतकी सजावट. चार्ल्सचा बलून हायड्रोजनचा. त्यावर जाळी टाकलेली दिसते, मधोमध कडं, कड्यापासून दोऱ्या, आणि खाली लोंबणारी होडीसारखी गाडी. जाळी आणि होडी दिसली की तो हायड्रोजनचा, सज्जा आणि झालर दिसली की गरम हवेचा. हे एवढं कळलं की अर्धी वर्णनं तुम्ही स्वतःच दुरुस्त करू लागता. २१ नोव्हेंबरचं म्हणून विकायला काढलेल्या पदकावर जाळी आणि होडी असेल, तर विक्रेत्याने पदक नीट पाहिलेलं नाही. अशा वेळी ते स्वस्तातही मिळू शकतं, तेव्हा लगेच पत्र लिहून त्याची चूक दाखवायला जाऊ नका!

आकडे रोमन असतात. एम म्हणजे १०००, डी ५००, सी १००, एल ५०, एक्स १०. एम, डी, दोन सी, एल, तीन एक्स, तीन आय : १७८३. शेवटी आय आणि व्ही एवढंच असेल तर १७८४. एका संध्याकाळचं काम आहे.

मजकूर बहुतेक लॅटिन किंवा फ्रेंच. निकोला गातो या पदककाराच्या १७८३ च्या पदकावर दोघा भावांचे चेहरे आहेत आणि फ्रेंच मजकूर सांगतो की हवा संचारयोग्य केल्याबद्दल हा सन्मान. माझ्या मित्राचं पदक तेच. चेहऱ्यांमागे शिल्पकार उदाँचं काम आहे, त्यामुळे नाकं-हनुवट्या कशा जिवंत आहेत ते भिंगाखाली बघण्यासारखं आहे.

तिसरी पायरी : कड वाचा

इथे थोडा वेळ काढा, कारण पैसे वाचतात ते इथेच.

पॅरिसच्या टांकसाळीकडे जुन्या पदकांचे ठसे शतकानुशतकं जपून ठेवलेले असतात. मागणी आली की त्याच ठशाने पुन्हा पदक पाडायचं, ही तिथली उघड आणि सरकारी प्रथा. यात लबाडी नाही. टांकसाळ स्वतःच कडेवर खूण उमटवते, म्हणजे कुणी फसू नये. फसवणूक होते ती त्या खुणेचा फोटो न देणाऱ्या विक्रेत्याकडून आणि तो न मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडून.

खुणा अशा : १८३२ च्या आधी सहसा कड कोरी असते. १८३२ ते १८४१ पुरातन पद्धतीचा तेलाचा दिवा. १८४१-४२ मध्ये थोडा काळ नांगर. १८४२ ते १८४५ जहाजाचा पुढचा भाग. १८४५ ते १८६० बोट दाखवणारा हात. १८६० ते १८७९ मधमाशी. आणि १८८० पासून पुढे फळाफुलांनी भरलेलं शिंग, जे आजही चालू आहे. खुणेशेजारी धातूचं नाव फ्रेंचमध्ये : तांब्याला 'क्विव्र', चांदीला 'आर्जाँ', ब्राँझला 'ब्राँझ'. अलीकडच्या पदकांवर पुष्कळदा पाडल्याचं सालही असतं.

म्हणजे १७८३ च्या पदकावर मधमाशी बसलेली असेल तर ते तिसऱ्या नेपोलियनच्या काळात किंवा त्यानंतरच्या काही वर्षांत पाडलेलं. मला स्वतःला अशी मधमाशीवाली पदकं आवडतात. ठसा मूळचा, वय दीडशे वर्षं, किंमत आटोक्यात. शिंगवाली त्याहून स्वस्त. दिव्याची खूण क्वचित दिसते. कोरी कड मात्र हुरळून जाण्यासारखी गोष्ट नाही. कोरी कड मूळ पदकाला असते, तशीच ती ओतीव नकलेला असते आणि कुणी खूण कानशीने घासून काढली असेल तर त्यालाही असते.

घासलेली कड ओळखायची कशी? पदक खिडकीपाशी न्या, दोन बोटांत कडेने धरा आणि हळूहळू फिरवा. जुन्या पदकाची कड सगळीकडे एकाच रंगाची असते. फिरवताना एखाद्या जागी अर्धा-पाऊण सेंटिमीटरचा पट्टा उजळ दिसला, तिथे बारीक समांतर रेघा दिसल्या, नख लावल्यावर किंचित खळगा जाणवला, तर समजावं तिथे काहीतरी होतं. माझ्याकडे असं एक आहे. फोटोत निर्दोष दिसलं होतं. विक्रेत्याने त्या पट्ट्यावर रंगही चढवला होता, फक्त तो शेजारच्या रंगाहून थोडा तांबूस राहिला. दहापट भिंगाखाली 'ब्राँझ'मधल्या शेवटच्या अक्षराचा पाय अजून दिसतो.

हे सगळं पॅरिसच्या टांकसाळीबद्दल. इंग्रज किंवा जर्मन पदकांना ही खुणांची यादी लावू नका.

चौथी पायरी : कथील, तांब्याचा खिळा आणि पाण्याची वाटी

एकच पदक सोन्यात, चांदीत, तांब्यात किंवा ब्राँझमध्ये आणि कथलात निघत असे. सोनं विसरा. गरिबांचं पदक कथलाचं. न्यूरेंबर्गजवळ फ्युर्थला राइख नावाचा पदककार होता. त्याच्यासारख्यांनी कथलाची स्वस्त पदकं काढली, ती जत्रेत विकल्यासारखी विकली जात. ब्लांशार ३ ऑक्टोबर १७८५ ला फ्रँकफर्टहून आणि १२ नोव्हेंबर १७८७ ला न्यूरेंबर्गहून उडाला. तो पाहायला आलेल्या माणसाने घरी जाताना काय नेलं असेल, याचं उत्तर बहुधा या कथलाच्या चकतीतच आहे. म्हणून मला ती चांदीच्या पदकांहून जवळची वाटतात.

जर्मन कथील पदकांत एक मजेशीर खूण सापडते. पदकाच्या अंगात आरपार बसवलेला तांब्याचा छोटा खिळा. समोरून पाहिलं तर टाचणीच्या डोक्याएवढा तांबडा ठिपका दिसतो. तो डाग नाही. कथलाला चांदीचा मुलामा देऊन कुणी ते चांदीचं म्हणून खपवू नये, यासाठी केलेली ती सोय. नवखे संग्राहक हा ठिपका बघून 'खराब झालंय' म्हणतात आणि पदक सोडून देतात. चांगलंच आहे, आपल्याला मिळतं.

धातूची खात्री घरी करता येते. ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा, सोनार वापरतात तसा काटा हवा. ऑनलाइन पाचशे-सहाशे रुपयांत मिळतो. पदक कोरडं तोला. मग काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्यावर आणा. पदकाला बारीक दोरा बांधून ते पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला वा कडेला टेकणार नाही असं लोंबकळत धरा. काट्यावर जेवढे ग्रॅम दिसतील तेवढे त्या पदकाचे घन सेंटिमीटर. कोरडं वजन त्याने भागा. समजा कोरडं वजन ३६.५ ग्रॅम आहे आणि पाण्यात ५.० दिसले. भागाकार ७.३, म्हणजे कथील. तेच पदक चांदीचं असतं तर उत्तर १०.५ च्या जवळपास आलं असतं. तांब्याला ८.९ आणि शिशाला ११.३. पाणी डिस्टिल्ड वापरा, पदक लगेच मऊ सुती कापडाने टिपून कोरडं करा. तडे गेलेलं किंवा पापुद्रे सुटलेलं कथील मात्र पाण्यात घालू नका.

पाचवी पायरी : पाडलेलं की ओतलेलं

ठशाने पाडलेल्या पदकाची अक्षरं कोपऱ्यांत धारदार असतात, मैदान म्हणजे चित्र-अक्षरांभोवतीची रिकामी जागा सपाट आणि घट्ट असते. ओतीव नकलेत अक्षरं साबणाच्या वडीवरच्या नावासारखी बोथट होतात, मैदानात भिंगाखाली बारीक छिद्रं दिसतात. शिवाय धातू थंड होताना आकसतो. ४२ मिलिमीटरच्या पदकाची ओतीव नक्कल साधारण अर्धा मिलिमीटर लहान भरते. म्हणून व्हर्नियर कॅलिपर घ्या, आणि ज्या पदकावर डोळा आहे त्याचा व्यास संग्रहालयाच्या नोंदीतल्या व्यासाशी ताडून पहा. ब्रिटिश म्युझियमच्या ऑनलाइन संग्रहात पदकांचे फोटो आणि मापं फुकट मिळतात. पॅरिसजवळच्या ल बूर्झेच्या हवाई संग्रहालयात तर बलूनच्या सुरुवातीच्या काळातल्या वस्तूंचं मोठं दालन आहे. युरोपात राहणाऱ्यांनी तिथे एक दिवस काढावाच.

तिसरा प्रकार म्हणजे विजेच्या साह्याने तांब्याचा थर चढवून केलेली प्रत. तपशील हुबेहूब येतो. पण दोन पातळ अर्धी जोडलेली असल्यामुळे कडेवर सांधा दिसतो, आणि वजन बऱ्याचदा जुळत नाही.

सहावी पायरी : पहिली खरेदी

इथे माझं मत ठाम आहे. पहिलं पदक १८७८ च्या झिफारच्या बलूनचं घ्या.

आंरी झिफार हा इंजिनिअर. १८५२ मध्ये त्याने वाफेचं इंजिन लावलेल्या हवाई जहाजाचा पहिला प्रयोग केला होता. १८७८ च्या प्रदर्शनाच्या वेळी त्याने त्युइलरीच्या आवारात एक प्रचंड बलून उभा केला. व्यास ३६ मीटर, आत २५,००० घनमीटर हायड्रोजन. बलून दोराला बांधलेला. वाफेच्या इंजिनाने दोर सोडायचा आणि गुंडाळायचा, आणि एका खेपेला तीस-चाळीस माणसं ५०० मीटर उंच जाऊन पॅरिस बघून खाली यायची. शेजारीच १८७१ मध्ये जळालेल्या त्युइलरी राजवाड्याचे उघडे सांगाडे उभे होते. वर गेलेल्यांना पदक मिळायचं. एका बाजूला पॅरिसवर तरंगणारा बलून, कोपऱ्यात त्रोताँची सही. दुसऱ्या बाजूला फ्रेंच मजकूर, ज्याचा अर्थ साधारण असा : 'श्री. हेन्री झिफार यांच्या वाफेवर चालणाऱ्या दोरबंद महाबलूनमधल्या माझ्या उड्डाणाची आठवण.'

'माझ्या' या शब्दासाठी मी हे पदक सुचवतो. राजेरजवाड्यांच्या पदकांवर असा शब्द नसतो. पदक ज्या माणसाच्या खिशात होतं तो खरोखर वर जाऊन आला असण्याची बरीच शक्यता आहे.

व्यवहाराच्या दृष्टीनेही ते सोयीचं. ती बरीच पाडली गेली, त्यामुळे आजही नियमित विक्रीला येतात. साध्या अवस्थेतलं पदक दोन आकडी युरोंत मिळतं. एकदा हुकलं तर पुढच्या महिन्यात दुसरं येतं, त्यामुळे घाई करायला लागत नाही. आणि पाच-सहा निरनिराळी पदकं शेजारी ठेवून पाहता येतात, त्यातून झीज म्हणजे काय ते कळतं : आधी बलूनचं पोट गुळगुळीत होतं, मग इमारतींच्या खिडक्या जातात. पदकावर 'हेन्री' आणि पुस्तकांत 'आंरी' अशी दोन स्पेलिंगं दिसतील. गोंधळू नका, माणूस एकच.

माझं पहिलं पदकही हेच. चॉकलेटी रंगाचं, मूळच्या सोनेरी मुलाम्याचे अवशेष फक्त अक्षरांच्या कोनाकोपऱ्यांत राहिलेले. गणपतीच्या आधी आईने देवघरातली समई, तांब्या, पळी-पंचपात्र घासायला काढली. माझं पदक टेबलावर उघडंच होतं. संध्याकाळी घरी आलो तर ते पाटावर, निरांजनाशेजारी, चिंच आणि रांगोळी लावून लखलखीत. 'किती कळकट झालं होतं रे, बघ आता कसं दिसतंय.' बलून तिच्या हाताखाली आरशासारखा झाला होता. मी 'छान झालंय' म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

तेव्हा हे लिहून ठेवा. जुन्या पदकाचा रंग म्हणजे मळ नव्हे. चिंच, लिंबू, व्हिनेगर, टूथपेस्ट, चांदी उजळायची पावडर, यातलं काहीही लावायचं नाही. एकदा घासलेलं पदक परत न घासलेलं होत नाही, आणि किंमत निम्म्यावर येते. फारच चिकट धूळ असेल तर डिस्टिल्ड पाण्यात थोडा वेळ ठेवून मऊ ब्रशने टिपा. तेवढंच.

सातवी पायरी : विकत घेताना

फ्रान्समध्ये सीजीबी किंवा जर्मनीत क्युन्कर यांसारखी नाणी-पदकांची जुनी दुकानं आणि लिलावगृहं आहेत. डेलकांपसारख्या ऑनलाइन बाजारात घरगुती विक्रेते जास्त. नवख्याने थोडे पैसे जास्त गेले तरी दुकानातून घ्यावं, कारण वर्णन चुकलं तर पदक परत घेतात. लिलावात बोलीच्या वर लिलावगृहाची दलाली चढते, पुष्कळ ठिकाणी वीस-पंचवीस टक्के. शंभराची बोली लावताना मनात सव्वाशे धरा आणि त्यावर टपाल.

काही शब्द ओळखीचे असू द्या. फ्रेंच 'त्रांश' म्हणजे कड, 'त्रांश लिस' म्हणजे कोरी कड, 'रफ्राप' म्हणजे नंतर पाडलेलं, 'एताँ' म्हणजे कथील, 'बेलिएर' म्हणजे वर जोडलेली कडी. अवस्थेसाठी टी-बी, टी-टी-बी, एस-यू-पी अशी चढती अक्षरं. ऐकायला टी-टी-बी म्हणजे 'फार फार सुंदर', प्रत्यक्षात बऱ्यापैकी वापरलेलं. जर्मनमध्ये 'त्सिन' म्हणजे कथील, 'नाखप्रेगुंग' म्हणजे नंतर पाडलेलं, 'हेंकेलष्पुर' म्हणजे कडी काढल्याची खूण. पदकाला कडी लावून लोक ते साखळीत घालत; नंतर ती कापली की वरच्या टोकाशी, घड्याळात बारा असतात त्या जागी, खरचटलेला डाग राहतो. किंमत उतरते, पण पहिल्या-दुसऱ्या खरेदीला चालतं.

भारतात मागवणार असाल तर वर्णन खरं लिहायला सांगा : जुनं स्मरणपदक, धातू, साल, प्रत्यक्ष किंमत. 'भेटवस्तू' लिहून किंमत कमी दाखवायला विक्रेते तयार असतात. तसं केलं आणि पाकीट हरवलं की भरपाईही त्या खोट्या किमतीचीच मिळते, आणि सीमाशुल्क कचेरीने अडवलं तर वेगळीच डोकेदुखी. बिल जपून ठेवा. आणखी एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या वस्तू येतात आणि त्या खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. म्हणजे १७८७ चं पदक इथे आणलं आणि पुढे मागे जर्मनीतल्या लिलावात घालावंसं वाटलं, तर सरळ पाकिटात घालून पाठवता येणार नाही. घेतानाच ठरवा की ते इथेच राहणार.

आठवी पायरी : ठेवायचं कुठे

कोकणपट्टीच्या हवेत तांबं-ब्राँझ सांभाळणं म्हणजे पावसाळ्यात पापड वाळवणं. नाण्यांच्या अल्बममधली मऊ, वास येणारी प्लास्टिकची पाकिटं वापरू नका. ती पीव्हीसीची असतात आणि काही वर्षांत पदकावर हिरवट चिकट थर येतो. कडक पारदर्शक मायलरची पाकिटं घ्या. रबरबँड, वर्तमानपत्राचा कागद, फेव्हिकॉलचा वास असलेले नवे प्लायवूडचे खण, हे तिन्ही लांब ठेवा. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल टाका आणि जूनमध्ये ते बदला.

दर पावसाळ्यानंतर एकदा सगळी पदकं उजेडात बघा. गडद हिरवा घट्ट थर सहसा निरुपद्रवी. पण फिकट हिरवी, टाल्कम पावडरसारखी भुकटी एखाद्या ठिपक्यातून उठत असेल, तर ते पदक ताबडतोब वेगळ्या डब्यात काढा. तो ब्राँझचा रोग. क्षारामुळे होतो, दमट हवेत वाढतो, आणि त्यावर घरगुती इलाज न करता जाणकाराला दाखवावं. पदक नेहमी कडेने धरा, खाली मऊ कापड अंथरून. कथलाचं पदक फरशीवर पडलं की त्याची कड वाकते आणि ती सरळ होत नाही.

नववी पायरी : कार्ड लिहा

प्रत्येक पदकाला एक कार्ड. घटना आणि तिची तारीख. पदककार. धातू, व्यास, वजन, पाण्यातला आकडा. कडेवर काय आहे, किंवा काही नाही. कुणाकडून, कधी, केवढ्याला. पाडल्याचा काळ वेगळ्या ओळीत लिहा आणि खात्री नसेल तर तिथे प्रश्नचिन्ह टाका. माझ्या निम्म्या कार्डांवर आहे. जमलं तर एक ओळ स्वतःसाठी. लुनार्दीच्या कार्डावर मी लिहिलंय की १५ सप्टेंबर १७८४ ला लंडनहून उडताना त्याने कुत्रा, मांजर आणि कबूतर बरोबर घेतलं होतं, आणि मांजराला थंडी सोसवेना म्हणून वाटेत उतरवून दिलं.

झिफारच्या पहिल्या पदकाचं कार्ड असं आहे : 'पॅरिस, १८७८. त्रोताँ. ब्राँझ, मुलामा होता. अवस्था : घासलेलं. कुणी : आई. कशाने : चिंच.' आता नवं, न घासलेलं एक शेजारी आहे, पण पाहुण्यांना मी हेच काढून दाखवतो.